दुकानाच्या लॅपटॉपवर विंडोजसोबत लिनक्स: आधी काय सांभाळायचं, मग काय टाकायचं

डिचोलीहून एका विद्यार्थिनीने विचारलं आहे. घरात एकच लॅपटॉप, विंडोज ११चा. दिवसा तो वडिलांच्या दुकानात असतो. त्यात टॅली, जीएसटीचं काम आणि डिजिटल सहीचं टोकन. रात्री तो तिच्या हाती येतो. फर्मागुडीला इंजिनिअरिंगसाठी तिला लिनक्स लागतंय. मैत्रिणींनी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून घेतलं, त्यात एकीचं विंडोज उडालं, म्हणून ही घाबरली आहे. बाबांच्या कामाला धक्का न लावता त्याच लॅपटॉपवर उबुंटू टाकता येईल का आणि कसं, असा तिचा प्रश्न आहे.

येईल. पण तुझ्या बाबतीत एक गोष्ट आधीच ठासून सांगतो. ज्या डिस्कवर बाबांचं दुकान चालतं, तिचे तुकडे करू नकोस. लिनक्सला वेगळी डिस्क दे. लॅपटॉपच्या आत जागा असेल तर आत बसव, नसेल तर यूएसबीला लावायची एसएसडी घे. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवण्यात काही चूक नाही, जगभर लोक तेच करतात. लॅपटॉप तुझा एकटीचा असता तर मीही तेच सुचवलं असतं. पण तिथे विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा कप्पा) लहान करावं लागतं, बूटची, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना लागणाऱ्या फाइलींची, जागा दोघांत वाटली जाते आणि पुढे एकाचा अपडेट दुसऱ्याच्या वाटेत येऊ शकतो. म्हापशात हे काम करताना मी जी उडालेली विंडोज पाहिली, त्यांतली बहुतेक इन्स्टॉलरच्या दोषाने उडालेली नव्हती. रात्री अकराला, बॅकअप न घेता, चुकीच्या डिस्कवर टिचकी मारून उडवलेली होती. डिस्कच वेगळी असली की ती टिचकी मारण्याची संधीच फारशी उरत नाही.

त्याआधी एक विचार कर. तुला खरंच ड्युअल बूट लागतं का, म्हणजे लॅपटॉप सुरू करताना विंडोज की लिनक्स हे निवडायची सोय? विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय मायक्रोसॉफ्टने २०१६ पासून दिली आहे. तिला डब्ल्यूएसएल म्हणतात, आणि तिच्या दुसऱ्या आवृत्तीत खरंखुरं लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) चालतं. सी, पायथन, शेल, गिट, डेटाबेस एवढाच अभ्यासक्रम असेल तर पहिली दोन सत्रं त्यावर आरामात निघतात. नको झालं की काढून टाकायचं, बूटला कुठे हात लागत नाही. व्हर्च्युअलबॉक्ससारखं व्हर्च्युअल मशीनही (विंडोजच्या आत चालणारा आभासी संगणक) चालतं, पण रॅम ८ जीबी असेल तर विंडोज आणि लिनक्स दोघंही रखडतात. १६ जीबी असेल तर बघ. ड्युअल बूटची खरी गरज पडते ती कर्नल मॉड्यूल लिहायचे असतात, यूएसबीवरून मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड प्रोग्राम करायचे असतात, रोबोटिक्सचं काही असतं, किंवा लिनक्समध्येच दिवसभर बसून ते अंगवळणी पाडायचं असतं तेव्हा. हे शेवटचं कारणही पुरेसं आहे. मी शिकलो तो तसाच, आणि आजही मुलांना तेच सांगतो. खिडकीतून बघून घर कळत नाही, त्यात राहावं लागतं.

आता ज्या भागाकडे कुणी बघत नाही तो भाग. त्याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो.

विंडोज ११ असलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांत, अगदी होम आवृत्तीतही, डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. कुणी मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्कला कुलूप लागतं आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. रोजच्या वापरात याचा पत्ताही लागत नाही, कारण लॅपटॉपमधली टीपीएम चिप कुलूप स्वतःच उघडते. पण बायॉसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी सोय, बंद केलं, किंवा विंडोज नेहमीच्या वाटेऐवजी लिनक्सच्या ग्रब नावाच्या सुरुवातीच्या मेनूतून सुरू केलं, की चिपला वाटतं कुणीतरी छेडछाड केली. मग निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. सहा-सहा अंकांचे आठ गट. ती नसेल तर आतलं काहीही उघडत नाही.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. नवा लॅपटॉप घेतला की विकणाऱ्याकडचा मुलगाच सगळा सेटअप करून देतो. घाईत तो स्वतःचा नाहीतर दुकानाचा ईमेल घालतो, पिन १२३४ ठेवतो आणि लॅपटॉप हातात देतो. असे लॅपटॉप माझ्या टेबलावर येतात. डिस्क धडधाकट, डेटा शाबूत, आणि किल्ली कुणाच्या खात्यात आहे हे घरात एकालाही ठाऊक नाही. तिथे मी काही करू शकत नाही आणि दुसराही कुणी करू शकत नाही. एन्क्रिप्शन असतंच त्यासाठी.

म्हणून हे आजच बघ. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस एन्क्रिप्शन. विंडोज प्रो असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये बिटलॉकर, तेही हेच कुलूप. चालू दिसलं तर सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये कुठला ईमेल आहे ते पाहा. तो बाबांचा असेल तर ब्राउझरमधून त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन, डिव्हाइसेसच्या पानावर रिकव्हरी की सापडते का ते बघ. सापडली की अंक कागदावर उतरव, शेजारी किल्लीचा आयडीही लिही, कारण एका खात्यात दोन-तीन लॅपटॉपांच्या किल्ल्या असू शकतात आणि निळा पडदा तो आयडी दाखवूनच किल्ली मागतो. कागद दुकानाच्या परवान्यांच्या फायलीत ठेव. फोटो काढून त्याच लॅपटॉपमध्ये ठेवण्यात काही अर्थ नाही. ईमेल अनोळखी निघाला तर इथेच थांब. आधी बाबांचं स्वतःचं खातं जोडून घ्या, किल्ली त्यात आली याची खात्री करा, मग पुढे.

एन्क्रिप्शन कायमचं बंद करायला मी सांगणार नाही. त्या डिस्कवर गिऱ्हाइकांची उधारी आहे, बँकेचे तपशील आहेत. लॅपटॉप चोरीला गेला तर हेच कुलूप कामाला येतं. बायॉसमध्ये काही बदलण्याआधी प्रो आवृत्तीत बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करता येतं. होममध्ये तसं बटण नसतं, पण किल्ली हाताशी असेल तर तेवढं पुरतं.

त्यानंतर बॅकअप. नुसत्या फाइली कॉपी करून भागत नाही. टॅलीतला बॅकअप घ्या, शिवाय टॅलीचं डेटा फोल्डर अख्खंच्या अख्खं बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवा, आणि तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. तुमचा अकाउंटंट हे आनंदाने करेल. त्याच्याकडे रिस्टोअर करून मागच्या महिन्याची ट्रायल बॅलन्स जुळते का, एवढं पाहिलं की निर्धास्त. न उघडलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही. विंडोज उडालं तर फाइली परत येतात, पण टॅलीचं लायसन्स पुन्हा चालू करणं, टोकनचे ड्रायव्हर, बिलाचा प्रिंटर, बँकेचं सेटिंग हे सगळं मार्गी लागेपर्यंत दुकानाचा एक दिवस जातो. तो दिवस कुठला असावा हे तुझ्या हातात आहे. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ची मुदत ११ तारखेला आणि ३बीची २० तारखेला असते. म्हणून २१ नंतरचा रविवार धर. तुमचं तिमाही असेल तर अकाउंटंटला विचारून ठरव. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीच्या पंधरवड्यात, दुकानात गर्दी असताना, हे काढूच नकोस.

पावसाळ्यात डिचोली-सत्तरीकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर चिंता नाही; पूर्ण चार्ज कर, चार्जर लावूनच बस. पण बरेच दुकानवाले लॅपटॉप सतत चार्जरवर ठेवतात आणि बॅटरी पाच मिनिटंही टिकत नाही. तसं असेल तर इन्व्हर्टरवर बस. पार्टिशन हलत असताना वीज जाणं हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत वाईट अपघात आहे. वेगळी डिस्क वापरलीस तर तो धोकाही उरत नाही, कारण हलवायचं काही नसतंच.

डिस्क कुठली घ्यायची? लॅपटॉपच्या मॉडेलचा सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर असतो, त्यात दुसरा एम डॉट टू स्लॉट (छोट्या एसएसडीची खाच) किंवा अडीच इंची डिस्कची जागा आहे का ते बघ. मागचं झाकण उघडल्याने वॉरंटीला बाधा येते का हेही विचारून घे. जागा नसेल तर यूएसबी ३ची पोर्टेबल एसएसडी. पेनड्राइव्हवर कायमचं लिनक्स टाकू नकोस. तो संथ असतो आणि सततच्या लिहिण्याने लवकर मरतो. उबुंटू किमान २५ जीबी मागतो, तेव्हा २५६ जीबी तुला इंजिनिअरिंग संपेपर्यंत पुरेल. आणि मुद्दाम वेगळ्या आकाराची घे. आतली ५१२ची असेल तर नवी २५६ची. कारण पुढे सांगतो.

उबुंटू की मिंट (लिनक्सचाच दुसरा प्रकार), यावर भांडण नको. कॉलेजात जे वापरतात तेच टाक, म्हणजे प्रयोगशाळेतली सूचना घरी तशीच चालेल. उबुंटू घेणार असशील तर एलटीएस, म्हणजे जास्त वर्षं अपडेट मिळणारी, आवृत्तीच घे. २४.०४ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतात, तेवढ्यात तुझी पदवी होऊन जाईल. आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) अधिकृत साइटवरूनच उतरव, त्याचा चेकसम (फाइल धड उतरली का ते कळायची खूण) जुळवून बघ, रूफस नावाच्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर घाल. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला घेऊ नकोस.

त्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू कर. डेल आणि लेनोवोला बहुधा एफ १२, एचपीला एफ ९ दाबल्यावर बूटचा मेनू येतो. आधी नुसतं ट्राय उबुंटू निवड आणि अर्धा तास वापरून बघ. वायफाय लागतं का, आवाज येतो का, टचपॅडवर दोन बोटं चालतात का, झाकण मिटून उघडल्यावर पडदा परत येतो का. वायफाय लागलं नाही तर मोबाइल केबलने जोड आणि यूएसबी टेदरिंग चालू कर. इंटरनेट मिळतं आणि राहिलेला ड्रायव्हर त्यावरून उतरवता येतो. या अर्ध्या तासात डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही.

आता इन्स्टॉलरचा तो एक पडदा, जिथे सगळं ठरतं. इथे साधारण तीन पर्याय असतात. विंडोज बूट मॅनेजरच्या शेजारी टाका, डिस्क पुसून टाका, किंवा हाताने ठरवा. हाताने ठरवण्याच्या यादीत आतली डिस्क बहुधा एनव्हीएमई अशा नावाने दिसते, पेनड्राइव्ह आणि बाहेरची एसएसडी एसडीए, एसडीबी अशा नावांनी. ही नावं ओळखीची नसतात आणि एसडीए कोण, एसडीबी कोण हे त्या त्या वेळच्या क्रमावर ठरतं. आकडा मात्र बदलत नाही. ५१२ म्हणजे बाबा, २५६ म्हणजे तू. म्हणूनच वेगळ्या आकाराची घ्यायला सांगितलं. कंटिन्यू दाबण्याआधी शेवटचा पडदा कुठल्या डिस्कवर काय बदल होणार ते सांगतो. तो मोठ्याने वाच. त्यात ५१२वाल्या डिस्कचं नाव आलं तर मागे ये.

एक खोच आहे. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरची, जो मिंट २२ मध्येही आहे, एक जुनी खोड अशी की बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) नव्या डिस्कवर ठेव म्हणून सांगितलं तरी तो पहिल्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्येच, म्हणजे बूटच्या फाइलींच्या कप्प्यातच, जाऊन बसतो. विंडोज त्याने पुसलं जात नाही, तिथे मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरशेजारी उबुंटूचं फोल्डर तयार होतं इतकंच. पण बूटचा क्रम बदलतो. मग सकाळी तू एसएसडी घेऊन कॉलेजला, बाबा दुकानात लॅपटॉप चालू करतात आणि समोर काळ्या पडद्यावर ग्रब असा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर. बाबांचा फोन येणार, तू लेक्चरमध्ये. हे टाळायचं असेल तर इन्स्टॉल करताना आतली डिस्क इन्स्टॉलरला दिसूच देऊ नकोस. काही लॅपटॉपांच्या बायॉसमध्ये ती डिस्क तात्पुरती बंद करता येते. नाहीतर जाणकाराकडून झाकण उघडून ती काढून ठेव. एकच स्क्रू असतो. डिस्क नसलेल्या लॅपटॉपवर डिस्क पुसून टाका हा पर्यायही निर्धोक होतो, कारण पुसायला फक्त तुझीच उरते. काम झालं की डिस्क परत बसव, बायॉसमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर ठेव. बाबांना काही शिकावं लागत नाही, लॅपटॉप चालू केला की त्यांचं विंडोज. तुला लिनक्स हवं तेव्हा एफ १२ दाबायचं. याचा आणखी एक फायदा म्हणजे विंडोज ग्रबमधून न जाता आपल्या नेहमीच्या वाटेनेच सुरू होतं, त्यामुळे बिटलॉकर विनाकारण किल्ली मागत नाही.

सिक्युअर बूट बंद करायची गरज सहसा नसते. उबुंटू, मिंट, फेडोरा यांचा बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो आणि तो चालतो. एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर मात्र इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. पुढच्या वेळी सुरू होताना निळ्या पडद्यावर एनरोल एमओके असा पर्याय दिसतो, तो निवडून तोच पासवर्ड द्यायचा. पडदा काही सेकंदच थांबतो. चुकला तर ड्रायव्हर चढत नाही आणि मग लोक दोन दिवस ग्राफिक्सला दोष देत बसतात.

पहिल्यांदा लिनक्स चालवून परत विंडोजमध्ये गेलीस की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. विंडोज लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात इथली वेळ धरतं, लिनक्स ग्रीनिचची वेळ ठेवतं, आणि आपल्यात त्यांच्यात फरक साडेपाच तासांचा. दुकान सकाळी नऊला उघडलं आणि पहिल्या बिलावर साडेतीन छापून आले तर बाबा वैतागणारच. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल नावाच्या आज्ञेने आतलं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगता येतं, एकदाच करायचं काम आहे. ते पहिल्याच दिवशी कर.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद कर. ते चालू असताना शट डाऊन म्हणजे खरं शट डाऊन नसतं. विंडोज आपली स्थिती डिस्कवर गोठवून झोपतं, आणि त्या अवस्थेत लिनक्सने सी ड्राइव्हवर काही लिहिलं तर फाइली बिघडू शकतात. लिनक्स बहुतेक वेळा अशी डिस्क फक्त वाचायला उघडतं, तेव्हा कॉपी होत नाही म्हणून गोंधळायचं कारण नाही. तसंही माझं म्हणणं आहे की लिनक्समधून बाबांचा सी ड्राइव्ह उघडूच नकोस. कॉलेजच्या फाइली दोन्हीकडे लागणार असतील तर तुझ्या एसएसडीवर एक छोटं एक्सफॅट (दोन्हीकडून वाचता-लिहिता येणारं) पार्टिशन ठेव.

मराठी आणि कोकणीचं काय, हे आपल्याकडे सगळेच विचारतात. युनिकोडमध्ये लिहिलेलं सगळं लिनक्समध्ये तसंच्या तसं उघडतं. श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेलं मात्र नाही. देवस्थान समितीची पत्रं, नाटकाच्या संहिता, शाळेच्या प्रश्नपत्रिका अशा कितीतरी फाइली अजून त्याच पद्धतीत आहेत. त्या उघडल्या की रोमन अक्षरांचा नुसता खिचडा दिसतो, कारण आत मुळात रोमन अक्षरंच असतात, देवनागरी रूप फक्त फाँट देतो. अशा फाइलींचं काम विंडोजवर राहू दे, किंवा त्या युनिकोडमध्ये बदलून घे. कीबोर्ड सेटिंग्जमधल्या इनपुट सोर्सेसमध्ये मराठी जोडलं की इनस्क्रिप्ट (देवनागरी कळांची मांडणी) मिळतं, आणि ते दोन्हीकडे सारखंच असल्यामुळे बोटांना नव्याने शिकवावं लागत नाही. जोडल्यावर वाऱ्यावर, दुसऱ्या, कोपऱ्यात असे शब्द टाइप करून बघ. शिफ्ट धरून इंग्रजी जे ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, मग डी च्या कळेचा हलंत, मग य. हे तीन शब्द नीट उमटले तर फाँट ठीक आहे. लिब्रऑफिसमध्ये फाँट वेगळा लागल्याने ओळी थोड्या इकडेतिकडे होतात, म्हणून कॉलेजला द्यायचा अहवाल शेवटी पीडीएफ करूनच दे.

वेगळी डिस्क जमतच नसेल, पैशामुळे म्हण किंवा जागेमुळे, तर एकाच डिस्कवर कर, पण पार्टिशन लहान करायचं काम विंडोजकडूनच करून घे. बिटलॉकरचं कुलूप असलेलं पार्टिशन बाहेरच्या साधनाने हलवायला जाऊ नये. डिस्क मॅनेजमेंट उघड, सी वर उजवी टिचकी, श्रिंक व्हॉल्यूम. २०० जीबी रिकामी असूनही ते ३० जीबीच कमी होईल म्हणतं, असं पुष्कळदा होतं. पेजफाइल, हायबरनेशन आणि सिस्टिम रिस्टोअरच्या फाइली मध्येच रुतून बसलेल्या असतात आणि त्या जागच्या हलत नाहीत. तिन्ही तात्पुरत्या बंद कर, लॅपटॉप पुन्हा सुरू कर, परत करून बघ, मग जागा सुटते. काम झाल्यावर पेजफाइल आणि रिस्टोअर पुन्हा चालू कर. सुटलेली जागा अनअलोकेटेड म्हणून काळ्या पट्टीत दिसते, ती तशीच सोड. विंडोजमधून तिला फॉरमॅट मारू नकोस. इन्स्टॉलरमध्ये मग त्या रिकाम्या जागेवरच लिनक्स टाकायचं.

काही इंटेल लॅपटॉपांत इन्स्टॉलरला आतली डिस्क दिसतच नाही. बायॉसमध्ये स्टोरेजची पद्धत रेड किंवा इंटेल आरएसटी असते तेव्हा असं होतं. लोक थेट ती बदलून एएचसीआय ही साधी पद्धत करतात, आणि विंडोज निळा पडदा टाकून बसतं. क्रम पाळला तर काही होत नाही. विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूटच्या टॅबवर सेफ बूट लावायचं, पुन्हा सुरू करताना सरळ बायॉसमध्ये जाऊन एएचसीआय करायचं, विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होऊन नवा ड्रायव्हर उचलतं, मग सेफ बूटची खूण काढून परत सुरू करायचं. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड ठाऊक हवा. आणि बिटलॉकरची किल्ली इथेही हाताशी लागते. दुकानाच्या लॅपटॉपवर हे एकटीने करू नकोस, कुणी जाणकार शेजारी बसव. तुझं लिनक्स बाहेरच्या एसएसडीवर जाणार असेल तर या वाटेला जायचंच नाही. आतली डिस्क दिसत नाही हे तुझ्या पथ्यावरच पडतं.

अपडेटबद्दल थोडं. १३ ऑगस्ट २०२४ला विंडोजचा एक सुरक्षा अपडेट आला, आणि त्याने जुने लिनक्स बूटलोडर नाकारायला सुरुवात केली. ड्युअल बूट असलेल्या यंत्रांना तो लागू होणार नाही असं आधी सांगितलं होतं, तरी बऱ्याच जणांचं लिनक्स अडलं. शिमचा (लिनक्सच्या बूटलोडरच्या पहिल्या तुकड्याचा) सॅबॅट डेटा, म्हणजे आवृत्तीची खूण, पडताळता आला नाही असा संदेश येऊन लॅपटॉप बंद व्हायचा. वेगळ्या डिस्कवर असूनही हे होऊ शकतं, कारण कुठले बूटलोडर नाकारायचे ती नोंद डिस्कवर नसून लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये असते. यावर उपाय म्हणजे दोन वर्षं जुना आयएसओ कुणाकडून पेनड्राइव्हवर घेऊ नकोस, ताजा उतरव, आणि लिनक्सचे अपडेट महिन्यातून एकदा तरी लाव. विंडोज मात्र अशा प्रसंगीही आपल्या वाटेने चालू राहतं. बाबांचं काम थांबत नाही.

कधी लिनक्स काढायचं झालं तर आधी बायॉसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला आहे याची खात्री कर, विंडोज एकदा सुरू करून बघ, आणि मगच लिनक्सची डिस्क काढ किंवा पुस. आधी पुसून मग बघितलं तर ग्रब आपल्या फाइली शोधत बसतो आणि ग्रब रेस्क्यू असा पडदा येतो. तो आलाच तर घाबरू नकोस, एफ १२ दाबून विंडोज बूट मॅनेजर निवड. विंडोज होतं तिथेच असतं.

लॅपटॉपचं नेमकं मॉडेल, रॅम किती आणि डिस्क मॅनेजमेंटच्या पडद्याचा फोटो पाठव. दुसरा स्लॉट आहे की नाही ते त्यावरून सांगतो. रिकव्हरी कीचा फोटो मात्र मलाही पाठवू नकोस.